एसटी येईपर्यंत: पिशवीत मावणारे खेळ

काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. फाट्यावरची एसटी कधी येईल ते टपरीवाल्याला विचारा, तो म्हणेल "येईनच आता", आणि हा "आता" पाच मिनिटांचाही असतो आणि दीड तासाचाही. गोंदिया-बल्लारशा लाइनवर पॅसेंजर क्रॉसिंगला थांबली की डब्यातली निम्मी माणसं खाली उतरून चहा शोधायला लागतात. असा वेळ घालवायला खेळ लागतात, पण घरच्या ओट्यावर रंगणारा खेळ प्रवासात रंगेलच असं नाही. म्हणून आधी निवड कशी करायची ते सांगतो, मग पिशवी कशी शिवायची ते, आणि मग एकेक खेळ.

निवडीसाठी तीनच गोष्टी बघा. बूड हलतंय का, म्हणजे आपण चालत्या गाडीत आहोत की ओट्यावर. माणसं किती. आणि डाव किती अचानक मोडणार. तिसरी गोष्ट लोक विसरतात. स्टँडवर डाव ऐन रंगात येतो आणि भोंग्यावर आपलीच गाडी पुकारतात. त्यामुळे स्टँडवर असाच खेळ मांडावा जो अर्ध्या मिनिटात गुंडाळता येतो. ज्यात साठ तुकडे मांडावे लागतात तो खेळ कितीही चांगला असला तरी घरी राहू द्या.

पिशवी हाच पट

बाजारात प्रवासी लुडो मिळतो, पण त्याचा कागदी पट घडीवर फाटतो आणि सोंगट्या पहिल्याच खड्ड्यात सीटखाली जातात. त्यापेक्षा कापडाचा पट बरा. मांजरपाटाचे दोन चौकोनी तुकडे घ्या, प्रत्येक बाजू ४० सेंटीमीटर. शिवण्याआधी कापड धुऊन घ्या, कारण कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं आणि आखलेली घरं वाकडी होतात. एका तुकड्याच्या मधोमध २५ सेंटीमीटरचा चौकोन आखा आणि त्यात ५-५ सेंटीमीटरची २५ घरं पाडा. दुसऱ्या तुकड्यावर वाघ-बकरीचा पट, तो पुढे सांगतो. दोन तुकडे घ्यायचं कारण म्हणजे एकाच कापडाच्या दोन्ही बाजूंना आखलं तर शाई आरपार उतरते आणि दोन्ही पट एकमेकांत मिसळतात. बॉलपेनने आखू नका, घामाच्या हाताने पसरतं. न पुसणारा मार्कर चालेल. शिवणयंत्र असेल तर रंगीत दोऱ्याची टीप मारा, ती वर्षानुवर्षं जात नाही.

आता दोन्ही तुकडे पाठीला पाठ लावून शिवा, कडेला दोन बोटं रुंद नेफा ठेवा आणि त्यात परकराची नाडी ओवा. नाडी ओढली की पटाचा बटवा होतो आणि सोंगट्या त्यातच राहतात. सैल सोडली की पट पसरतो. गाडी आली तर सोंगट्या वेचत बसायचं नाही, नाडी ओढायची आणि पळायचं.

सोंगट्या घरच्याच घ्या, पण विचार करून. तूर, वाटाणा गोल असल्यामुळे घरंगळतात. मक्याचे दाणे चपटे म्हणून चांगले बसतात. माझी पहिली पसंती सरकीला. तिच्या अंगावर जो बारीक कापूस राहिलेला असतो तो मांजरपाटाला धरतो, त्यामुळे पट थोडा कलला तरी सोंगटी जागची हलत नाही. कपाशीच्या मुलखात ती मागायलाही लागत नाही. चार खेळाडूंसाठी सरकी रंगवून घ्या, किंवा सरकी, मका, हरभऱ्याची डाळ आणि शर्टाची बटणं अशा चार जाती करा. गुंजा लाल-काळ्या आणि देखण्या असतात, पण त्या विषारी आहेत. फुटलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. मुलांच्या हाती जाणाऱ्या पिशवीत गुंज नकोच. आणि तीन वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर असेल तर कुठलाही दाणा नको, त्याच्या घशात अडकतो.

फाशाच्या जागी चार चिंचोके. चिंचोका दगडाने हलकेच ठोकून दोन डाळींत फोडा, आतली बाजू पांढरी आणि बाहेरची तपकिरी. फुटत नसेल तर खरबरीत फरशीवर एक बाजू पांढरी होईपर्यंत घासा. चारही साधारण एकाच आकाराचे निवडा. कवड्या हव्या असतील तर पोळ्याच्या बाजारात बैलांच्या साजात माळा मिळतात, त्यातल्या चार काढल्या तर बैल रागावत नाही. टाकायला डब्याचं झाकण वापरा. उघड्या सिमेंटवर चिंचोके टाकले की एखादा शेजारच्या आजोबांच्या चपलेखाली जातोच.

अष्टचंग: दोन ते चार जण, स्थिर जागा

२५ घरांच्या पटावर प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली मारा आणि एक अगदी मध्यभागी. फुलीचं घर सुरक्षित, तिथे कोणी कोणाला मारत नाही. प्रत्येक जण आपल्या चार सोंगट्या घेऊन आपल्या समोरच्या फुलीपासून निघतो.

वाट अशी. आपल्या फुलीवरून उजव्या हाताकडे निघायचं आणि बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट फिरायचं. पंधरावं घर म्हणजे आपल्या फुलीच्या डाव्या शेजारचं घर. तिथून सरळ वर आतल्या फेरीत शिरायचं आणि आता घड्याळाच्या दिशेने आठ घरं चालायची. मग मधली फुली. एकूण चाल २४ घरांची. आत शिरण्याआधी समोरच्याची एक तरी सोंगटी मारलेली असली पाहिजे. मारलेली सोंगटी पुन्हा आपल्या फुलीवर जाऊन बसते.

दान मोजायचं पांढऱ्या बाजूवर. एक पांढरा तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन. चारही पांढरे म्हणजे चार, तो चंग. एकही पांढरा नाही म्हणजे आठ, तो अष्ट. चंग किंवा अष्ट पडला किंवा सोंगटी मारली की पुन्हा टाकायला मिळतं. गावोगाव यात फरक आहे, म्हणून पहिलं दान टाकण्याआधी नियम मोठ्याने म्हणून घ्या. डाव सुरू झाल्यावर "आमच्याकडे तसं नसते" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

थोडं गणित ध्यानात ठेवलं तर हाच खेळ नशिबाचा कमी आणि डोक्याचा जास्त होतो. चिंचोका दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो असं धरलं तर चार चिंचोक्यांचे १६ निकाल होतात. त्यातले ६ वेळा दोन येतात, ४ वेळा एक, ४ वेळा तीन, आणि चंग व अष्ट प्रत्येकी एकेकदाच. म्हणजे वैऱ्याच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर उभं राहणं हे मरण ओढवून घेणं आहे. चार घरं पुढे उभे राहा, तिथे तुम्हाला मारायला त्याला एकदम चंग पाडावा लागतो, नाहीतर दोन हप्त्यांत यावं लागतं. फोडलेले चिंचोके मात्र अगदी समान पडत नाहीत. आपले कुठल्या बाजूला झुकतात ते घरी टाकून बघा आणि कोणाला सांगू नका.

चार सोंगट्यांचा पूर्ण डाव तासाच्या वर जातो. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर शकुंतला ही नॅरोगेज रेल्वे चार तासांच्या आसपास कापायची, तेव्हा तिच्यात असे डाव पुरे होत. आता स्टँडवर तेवढी उसंत नाही. म्हणून सोंगट्या दोनच घ्या आणि आत शिरायला मारण्याची अट काढून टाका. वीस-पंचवीस मिनिटांत निकाल लागतो. एक नियम आणखी: मागच्या डावात जो हरला त्याने पुढच्या डावात चौकशीच्या खिडकीकडे कान ठेवायचा. नाहीतर चौघंही चिंचोक्यांत गुंगतात आणि गाडी जाते.

वाघ-बकरी: दोघांचा डाव

पटाच्या दुसऱ्या बाजूला २४ सेंटीमीटरचा चौकोन काढून त्यात सारखी १६ घरं पाडा. मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण ओढा. मग चारही बाजूंचे मधले बिंदू तिरक्या रेषांनी जोडा, म्हणजे आत एक उभा शंकरपाळा तयार होतो. रेषा जिथे भेटतात ते २५ बिंदू, आणि सोंगट्या घरात नव्हे तर या बिंदूंवर बसतात. नेपाळात हाच खेळ बाघचाल म्हणून घरोघरी खेळतात.

वाघ ४, चार कोपऱ्यांत. बकऱ्या २०, सुरुवातीला सगळ्या हातात. बकरीवाला एक बकरी ठेवतो, मग वाघवाला एक वाघ एका बिंदूने सरकवतो. वीसच्या वीस बकऱ्या बसेपर्यंत ठेवलेली बकरी हलवता येत नाही. वाघ रेषेवरच्या शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारतो तेव्हा ती बकरी गेली. पाच गेल्या की वाघ जिंकला. चारही वाघांची वाट बंद झाली की बकऱ्या जिंकल्या.

नवा माणूस बकऱ्या मधोमध ठेवतो आणि मरतो. बकऱ्या कडेने लावा. कडेच्या बकरीवरून वाघाला फक्त कडेच्याच रेषेत उडी मारता येते, बाकीच्या बाजूंना पट संपलेला असतो. दोन बकऱ्या एकामागे एक असल्या तर त्या रेषेत उडीच नाही. पोरासोबत खेळताना मोठ्याने बकऱ्या घ्याव्यात, कारण वाघ चालवणं सोपं आणि पोराला वाघच हवा असतो.

नवकंकरी कोणाला येत असेल तर तिचा पट खडूने ओट्यावरही काढता येतो: एकात एक तीन चौकोन, २४ बिंदू, प्रत्येकी ९ खडे. ती खेळ म्हणून उत्तम आहे, पण दोघंही मुरलेले असले तर डाव लांबत जातो आणि बरोबरीत सुटतो. शिकाऊ जोडीला देऊन टाका.

चालत्या एसटीत तोंडाचे खेळ

धावत्या एसटीत पट काढू नका. त्यात १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माहेरवाटेच्या गाड्या खचाखच असतात, आणि दांड्याला लोंबकळत अष्टचंग होत नाही. बोलायचे खेळ मात्र उभ्यानेही होतात.

त्यातला राजा म्हणजे गावांच्या भेंड्या. गाण्यांच्या भेंड्यांत ज्याचा गळा चांगला तोच बोलतो, गावांच्या भेंड्यांत शेजारचे काका, कंडक्टर, मागच्या सीटवरची आजी, सगळे आपोआप ओढले जातात. शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाव. अमरावती, तिवसा, सेवाग्राम, मोर्शी, शेगाव, वरुड, आणि इथे पहिला माणूस अडकतो, कारण ड आला. ज्याला डोणगाव किंवा डव्हा आठवतो तो वाचतो.

भूगोलापेक्षा यात डावपेच जास्त आहेत. आपल्या विदर्भातली गावं गाव, पूर आणि खेड यांवर संपतात, म्हणून व, र आणि ड ही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. व-ची गावं पुष्कळ: वर्धा, वाशीम, वणी, वरोरा, वडसा, वरुड. ती एकदम उडवू नका, राखून ठेवा. र-ला रामटेक, राजुरा, राळेगाव, रिसोड. यातलं रिसोड म्हणजे हुकमी पान, समोरच्याच्या गळ्यात ड टाकतं. वलगाव तर त्याहून वस्ताद, व घेतं आणि व-च परत देतं. वरुड गेलं असेल आणि रिसोड अजून बाकी असेल तर ते शेवटपर्यंत धरून ठेवायचं.

नियम आधी पक्के करा, नाहीतर बडनेरा येईपर्यंत भांडण. एक, ळ आणि ण वर गाव संपलं तर ल आणि न धरायचं. दोन, काना-मात्रा सोडून नुसतं अक्षर. तीन, जोडनावाचा शेवट पूर्ण नावावरून. चांदूर बाजार म्हटलं तर र आणि चांदूर रेल्वे म्हटलं तर व. नुसतं चांदूर म्हणून निसटायचं नाही. धामणगाव रेल्वे, सिंदखेड राजा यांनाही हाच कायदा. चार, गाव विदर्भातलंच हवं आणि कोणी शंका घेतली तर तालुका सांगता आला पाहिजे. हा चौथा नियम नसेल तर पोट्टे दर मिनिटाला नवी गावं वसवतात.

दुसरा खेळ पाट्यांचा, खिडकीजवळच्या लेकरांसाठी. विदर्भाचे जिल्हे ११ आणि त्यांचे मूळ वाहनक्रमांकही ओळीने ११: एमएच २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा, ३७ वाशीम. वहीच्या कागदावर ही यादी लिहून द्या आणि दिसेल त्या गाडीवर खूण. ओळीने करायचं ठरवलं तर जास्त कठीण, म्हणजे २७ दिसल्याशिवाय २८ धरायची नाही. नागपुरातच एमएच ४० आणि ४९ पण आहेत, त्यांना जादा गुण द्या. एसटीची पाटी मात्र मोजायची नाही. तिच्यावरचा क्रमांक आगार सांगत नाही, बस जिथल्या कारखान्यात बांधली तिथला असतो. म्हणून चिखलदऱ्याच्या गाडीवरही नागपूर ग्रामीणचा ४० दिसतो. मेळघाटाच्या आत शिरल्यावर हा खेळ बंद पडतो, तिथे गाड्याच नाहीत.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे किंवा धारणीकडे घाट लागला की खाली बघायचे सगळे खेळ बंद. डोळे कागदावर स्थिर आणि कानातला तोल सांगतो की आपण वळतोय, या भांडणातून मळमळ होते. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवून खिडकीबाहेर बघायला लावा आणि भेंड्या चालू ठेवा. लिहायचे खेळ, नाव-गाव-फळ-फूल किंवा ठिपक्यांचे चौकोन, रेल्वेत बरे. एसटीत लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नाही.

पत्ते, पण कुठे

पत्ते रेल्वेचे. समोरासमोरच्या बाकांवर चौघं बसले, मध्ये गुडघ्यांवर ताणून दुपट्टा पसरला की मेंढीकोट रंगतो. दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकी १३ पानं, सगळी लढाई चार दश्श्यांसाठी. चारही दश्श्या एका जोडीने घेतल्या की समोरच्यांवर मेंढीकोट चढला. तिघंच असाल तर तीन-दोन-पाच. सत्त्यापासून एक्क्यापर्यंतची ३२ पानं घ्या, त्यातून किलवर आणि चौकटच्या सत्त्या काढा, उरलेली ३० तिघांत दहा-दहा. माणसं पाचाहून जास्त असली आणि त्यात लेकरं असली तर बदाम सात, डोक्याला ताप नाही.

मे महिन्यात खिडकीतून येणारी गरम हवा पानं उडवते आणि साधा कागदी जोड घामाने चिकटतो. प्लॅस्टिकचा जोड घ्या, त्याला दोन रबरबँड लावा, आणि जिंकलेल्या हातांची पानं मांडीखाली दाबून ठेवायची सवय करा.

स्टँडवर पत्ते काढू नका हा माझा आग्रह आहे. पैसे लावून खेळणं महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली, जो १८८७ चा आहे, गुन्हा आहे. तुम्ही पैसे लावले नसतील, पण घोळका बघून दुसरे कोणी पैज लावतात आणि हवालदार दांडा आपटत येतो तेव्हा समजावून सांगण्यात गाडी निघून जाते. पोळ्याच्या दिवसांत जुगारावर नजर असते, तेव्हा तर बिलकुल नको. गुणांचीही चिठ्ठी दुपट्ट्यावर ठेवू नका, आकडे लिहिलेला कागद उगाच दिसतो.

मोबाइल शेवटचा. मेळघाटातल्या सेमाडोहच्या पुढे रेंज येते-जाते, म्हणून नेट न लागणारा लुडो किंवा बुद्धिबळ घरूनच उतरवून घ्या. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले आहेत, कोणी "आपला ग्रुप आहे" म्हणालं तरी नादी लागू नका. चार्जिंग तिकिटासाठी आणि घरी फोन करायला राखा.

मोडलेला डाव

गाडी आली, डाव अर्धवट राहिला, तर काय? अष्टचंगात ज्याच्या जास्त सोंगट्या आतल्या फेरीत तो पुढे, सारख्या असल्या तर डाव रद्द. वाघ-बकरीत मेलेल्या बकऱ्या मोजा: तीन किंवा जास्त असल्या तर वाघ, नाहीतर बकऱ्या. भेंड्यांना शेवट नसतोच, शेवटचं अक्षर लक्षात ठेवा आणि परतीच्या गाडीत तिथूनच उचला. मोबाइल असेल तर पटाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी मांडताना "माझी सोंगटी इथेच होती" हा वाद फोटो दाखवून मिटतो, चिंचोका कुठे झुकतो हा वाद मात्र मिटत नाही.

घरी आल्यावर बटवा उलटा करून झटका आणि सोंगट्या मोजा. सरकी दोन-चार जास्तीच्या टाकून ठेवा. चिंचोके ओले राहिले तर बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात प्रवास झाला की एक दिवस उन्हात. पट धुवायचा तो नाडी काढून, नाहीतर नाडीचा रंग पांढऱ्या घरांवर उतरतो.